श्यामकांतची बंदूक कोणाला द्यावी, याविषयी

मी, श्रीमती माणिक श्यामकांत टिपणीस, वय ६८, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्ती हवी त्यापेक्षा जास्त शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलगा शौनक व मुलगी गार्गी यांना समान द्याव्यात. दोघांनी भांडू नये. भांडायचेच असेल तर माझे तेरावे होईपर्यंत थांबावे.

२. दागिने गार्गीला. मोत्यांच्या कुड्या मात्र सून सई हिला, कारण तिने त्या कधी मागितल्या नाहीत. मोठ्या जाऊबाई रुक्मिणीवहिनी यांना काहीही देऊ नये. माझ्या लग्नानंतर त्यांनी "जरा बघते" म्हणून नेलेली चांदीची अत्तरदाणी त्यांच्याकडेच राहू द्यावी. गेली चाळीस वर्षे त्या ती बघतच आहेत.

३. शिवणयंत्र सईला. वापरात नसले तरी महिन्यातून एकदा तेल द्यावे.

४. एक एअर रायफल. आमचे वकील भाऊराव यांनी हाच शब्द लिहायला सांगितला आहे. मी तिला बंदूक म्हणते. श्यामकांत हयात असताना मला दर वेळी सुधारत असे, "बंदूक नाही गं, रायफल." आता सुधारायला कोणी नाही, म्हणून पुढे बंदूकच लिहीन.

श्यामकांतने ती निवृत्त झाल्यावर, २०२२ साली, कोरी करकरीत विकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी खोलायला बसला. दस्त्यावरचे कंपनीचे चकचकीत व्हार्निश त्याला आवडले नाही, आणि आतली स्प्रिंग म्हणे खडखड करत होती. नवी वस्तू दुरुस्त करणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. रायफल क्लबात त्याची नमिताशी ओळख झाली. नमिता भांडुपची, कोळ्यांच्या घरातली, तेव्हा पस्तिशीची, मरोळच्या एका कारखान्यात फिटर. ती दर रविवारी आमच्याकडे येऊ लागली. तिची आई पुतळाबाई मासळी विकते, त्यामुळे पापलेटही येऊ लागले. तेही मला खुपले.

गॅलरीत दोघे वर्तमानपत्र पसरून बसत. आधी व्हार्निश खरवडले, मग पॉलिश पेपरने घासले, मग जवसाच्या तेलाचे हात. एक हात दिला की तो वाळू द्यायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा हात. सात आठवडे. त्या लाकडाचा रंग हळूहळू मधासारखा झाला. श्यामकांत तळवा फिरवून म्हणे, "नमिता, बघ, कसं रेशीम झालंय!" माझ्या साड्यांना त्याने आयुष्यात कधी हात लावून पाहिला नाही. मी चहा ठेवून आत जात असे. त्या दोघांत वावगे काही नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होते. ती त्याला काका म्हणे आणि मला काकी. मला हेवा वाटे तो त्यांच्या गप्प बसण्याचा. एकमेकांशी न बोलता दोघे तास तास काम करत. माझ्यासमोर तो गप्प बसला, की मला वाटे याला कंटाळा आला.

एका रविवारी नमिताने बंदूक संपूर्ण खोलून, नवीन स्प्रिंग आणि चामड्याचा वॉशर घालून परत जोडली. बुधवारी दुपारी श्यामकांत झोपला होता. मला वाटले, मीही या वस्तूसाठी काहीतरी करावे. नळी वाकवली की मागे एक भोक दिसते. त्यात मी शिवणयंत्राचे तेल घातले. दोन थेंब घालायचे असतात. मी अर्धी बाटली घातली. माया म्हणून घातले की राग म्हणून, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

संध्याकाळी श्यामकांतने गच्चीवर, वाळूच्या पेटीवर चिकटवलेल्या कागदावर नेम धरला. फटाक्यासारखा आवाज झाला, नळीतून धूर निघाला. हवेच्या दाबाने आतले तेल पेटते, हे मला नंतर कळले. वॉशर जळला, स्प्रिंग तुटली. त्याने तिथूनच नमिताला फोन लावला.

"काय घातलंस आत? धूर निघाला, मशीनच्या तेलाचा वास येतोय! मूर्ख आहेस का तू? माझ्या रायफलची वाट लावलीस! पुन्हा येऊ नकोस."

मी शेजारी वाळत घातलेले कपडे काढत उभी होते. मी काही बोलले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हा हिंदू मुलींना शिवणकाम शिकवले, कन्फेशनला, म्हणजे केलेली चूक कबूल करायला, मात्र फक्त कॅथलिक मुली जात. हे कारण म्हणून देत नाही, पण मला ते येत नाही हे खरे आहे.

त्यानंतर अकरा महिन्यांनी श्यामकांत गेला. तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही. अंत्ययात्रेच्या दिवशी नमिता सोसायटीच्या गेटाबाहेर उभी होती. वर आली नाही.

मी ठरवले होते की हे सगळे इथे लिहावे, बंदूक तिच्या नावे करावी आणि माझ्या मागे तिला कळावे. भाऊरावांनी मसुदा वाचून चष्मा काढला. "माणिकताई, कबूल करायचंय तर जिवंतपणी करा. मेल्यावर तिने कोणावर रागवायचं? माझ्यावर?"

म्हणून गेल्या रविवारी मी तिला फोन करून बोलावले. ती आली. तेव्हापासून तशीच मोडून पडलेली बंदूक मी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकले.

"मला माहीत होतं, काकी," ती म्हणाली.

"कसं?"

"धूर आला, वास मशीनच्या तेलाचा होता, असं काकाच फोनवर ओरडत होते ना. मी असलं तेल घरात ठेवत पण नाही. तुमच्याकडे मशीन आहे."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलून काय झालं असतं? ते तुमच्यावर ओरडले असते. माझ्यावर ओरडले, मी माझ्या घरी बसले. तुम्ही कुठे गेला असता?"

हे ऐकून मला हलके वाटायला हवे होते. मला पुन्हा हेवाच वाटला. माझा संसार अकरा महिने तिने सांभाळला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मग मी रडले, आणि ती तोपर्यंत स्क्रू काढायला बसली होती.

५. बंदूक आता दुरुस्त आहे. माझ्या मृत्यूनंतर ती नमिताची. शौनकने "शोभेला ठेवतो" म्हटल्यास त्यास देऊ नये.

६. माझ्या हयातीत मात्र बंदूक या घराबाहेर जाणार नाही. नमिताला ती हाताळायची असेल तर तिने इथे यावे. ती म्हणाली, "काकी, ही तर जबरदस्ती झाली!" मी म्हटले, हो, झाली. तिने रविवारी दहा वाजता यायचे. बोललेच पाहिजे असे नाही.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले असून खाली सही केली आहे.

माणिक श्यामकांत टिपणीस

आमच्या डोळ्यांदेखत श्रीमती टिपणीस यांनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली:
१. अंबादास विठ्ठल गोरे, शेजारी
२. राजेश मनोहर सामंत, सोसायटीचे सचिव

मुलुंड पूर्व, मुंबई
१० नोव्हेंबर २०२५