दाराबाहेर थांबलेले बूट

आई, काल बर्लिनमध्ये मला एका खोलीत बसवून पूर्वी गावी तुला विचारला होता तोच प्रश्न विचारला.

जर्मन सरकार गरीब देशांना जी मदत देतं, ती नीट पोचते का हे बघायला अधूनमधून दुसऱ्या दोन देशांची माणसं येतात. पुढे कधीतरी जर्मन माणसं त्यांची मदत तपासायला जातात, त्यामुळे सगळं गोडीगुलाबीत चालतं. आफ्रिकेतल्या गावांत सौरपंप बसवायचं काम माझ्या कंपनीकडे आहे, म्हणून मलाही बोलावलं. शेजारी मदत खात्याचे साहेब. नवं कंत्राट त्यांच्याच सहीने मिळायचंय. पाहुण्यांतल्या एक बाई त्यांना हसून म्हणाल्या, "आल्झो, तर मग, आपण जरा बाहेर थांबाल?" साहेब उठले, दार लागलं. माझे कान तुला माहीत आहेत. बूट थोडे वाजले आणि थांबले. लांब गेले नाहीत.

आणि मी एकदम लहानपणी, सरपंचांच्या स्वयंपाकघरात. तू त्यांच्याकडे पोळ्या करतेयस. परदेशी पैशातून आलेला हापसा त्यांच्या दारात बसलाय आणि ऊन चढलं की त्याला साखळी पडते, बाकी गावाला पाणी बंद. तो बघायला आलेल्या गोऱ्या बाई चुलीपाशी टेकल्यात. सरपंचांना त्यांनी बाहेर पाठवलंय. दुभाषा विचारतो, "पाणी सगळ्यांना मिळतं का?" तू पोळी उलटतेस. "मिळतं की. गोड आहे पाणी." घरी आपली कळशी कोरडी. वाटेत मी चिडलो, "खोटं का बोललीस? ते बाहेर गेले होते की!" तू म्हणालीस, "वहाणा लांब गेलेल्या ऐकल्यास का? कान कशाला दिलेत देवाने?" तिथून मी ऐकायला शिकलो. धंद्यात त्यावरच तरलो म्हण ना.

"पंप चालू आहेत ना?" काल त्या बाईंनी विचारलं. 'छान चाललंय' अगदी ओठावर होतं, तुझ्या आवाजात. त्या बंद खोलीत भाजलेल्या पोळीचा वास आला, शपथ. मग बोललो. फीत कापेपर्यंत सगळे असतात, प्रकल्प संपला की दुरुस्तीला कुणी नाही, मी बसवलेलेच पंप बंद पडलेत, बायका पुन्हा ओढ्यावर जातात. दारापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. बाईंचं पेन थांबलं. "दार लागलं की सगळे हेच सांगतात," त्या म्हणाल्या. "अहवालात किती उरेल, सांगवत नाही. पुढे आमचीही पाळी आहे."

मी तुझ्याहून धीट आहे असं समजू नकोस. माझं घर त्या एका कंत्राटावर चालत नाही. तुझं त्या एका चुलीवर चालायचं.

तू आता नाहीस, हे पत्र जाणार कुठे? पण एवढं तुझ्यापाशीच कबूल करता येईल. बाहेर आलो तर साहेब दाराला लागूनच उभे. सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं. तरी हसून विचारलं, "आल्लेस गूट?" म्हणजे, सगळं ठीक ना?

"आल्लेस गूट," मी म्हणालो. आणि हात आपोआप फिरला, तू पोळी उलटायचीस तसा.