खेळासाठी मांडलेला दगड

प्रिय मनकर्णा,

आधी सामान काय काय उतरलं ते लिहिते, म्हणजे पुढचं नीट समजेल. शुक्रवारी सकाळी तुझ्या शेतात टेम्पोतून आलं ते असं. भाड्याच्या ताडपत्र्या सहा, दोन हजार चारशे. मडकी बारा, अहेरीच्या बाजारातून, घासाघीस करून सातशे वीस. जुनी लुगडी-धोतरं एक गठ्ठा, फुकट, त्यातली चार लुगडी माझीच. तांदूळ, डाळ, तेल, बटाटे मिळून पाच हजारांच्या आत. आणि फोमच्या तलवारी दहा, साडेचारशेला एक. मनकर्णा, त्या तलवारीनं वांगंसुद्धा चिरलं जाणार नाही. मी तुझ्या रंजीताला म्हटलं, "अवं पोरी, एवढ्यात खरा विळा येते अन् जन्मभर पुरते." तर ती म्हणते, "मावशी, खऱ्यानं लागते नं." मी तलवारी मोजून घेतल्या.

फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं. तू दोन वाक्यांत 'बरं ठेवते' म्हणतेस, आणि मागून तुझ्या लेकाचा, अतुलचा आवाज येतो, कोणाचा फोन, काय झालं. तूच म्हणाली होतीस, "बाई, तू जाऊन दोन दिवस बस. नोकरी सोडून पोरगी कोणता धंदा करून राह्यली ते पाह्य, अन् खरं लिही." चांगलं दिसलं तर शेत दर हिवाळ्यात तिच्या खेळाला द्यायचं, नाही तर संक्रांतीच्या आत त्या ट्रकवाल्याचा इसार घ्यायचा, असं तुझं ठरलं आहे. सूरजागडच्या खाणीच्या गाड्या शेताजवळच्या सडकेनं धावायला लागल्यापासून त्याला ट्रक उभे करायला जागा हवीच आहे. म्हणजे तुझ्या लेकीचं काय व्हायचं ते माझ्या पत्रावर येऊन थांबलं. म्हणून मी डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि जे कळलं नाही ते विचारलं. फार विचारलं. पोरं कंटाळली असतील.

मला वाटलं होतं नाटक असेल. आपल्याकडे नाटक म्हटलं की सतरंजी, तिकीट आणि पुढच्या रांगेत सरपंच. इथं पाहायला कोणीच नाही! नागपूर, पुणे, हैदराबादहून वीसेक जण आले, पैसे भरून आले, आणि सगळेच पात्रं. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तू कोण, तुला कशाची भीती, तुला काय हवं. पुढचं बोलणं कोणी लिहून दिलेलं नाही, ज्याचं त्यानं बोलायचं. विक्की म्हणून एक बँकेतला मुलगा होता, तो एका टोळीचा म्होरक्या झाला. जेवायला बसतानाही म्होरक्यासारखाच बसायचा आणि भाजीत मीठ कमी आहे हे मला टोळीच्या वतीनं सांगायचा. आणि आपली रंजीता, ती खेळ चालवणारी. गळ्यात पिवळा गमछा घातला की ती कोणाला दिसत नाही, असा नियम. ती समोरून गेली तरी पाहायचं नाही. ती फक्त कानात सांगणार, आता पाऊस सुरू झाला, आता धान्य संपलं. दोन दिवस तुझी लेक सगळ्यांमधून फिरत होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मला ते आधी गमतीचं वाटलं, मग नाही वाटलं.

दुसरीकडे म्हणे हा खेळ रात्रभर चालतो. इथं वनरक्षकानं बजावलं होतं, म्हणून दिवस मावळायच्या आत सगळे शाळेच्या खोल्यांत, दारं लावून. का ते तुला मी काय सांगू.

गोष्ट तिनं रचली होती ती अशी. पुरानं दोन टोळ्यांना गाव सोडावं लागलं. त्या जंगलाच्या कडेला आल्या. जंगलाच्या देवानं हो म्हटलं तरच तिथं राहायचं. देवाच्या वतीनं बोलायला एक पुजारीण. पुजारीण व्हायची ती मुलगी तापानं आलीच नाही, आणि रंजीता माझ्याकडे आली, "मावशी, तूच हो." मी म्हटलं, मला खोटी पूजा जमणार नाही. ती म्हणाली, मग खरी कर. आता यात काय चूक होती, सांग. मी नाल्यातून हाताएवढा काळा दगड आणला, आंघोळ करून आले, शेतातल्या मोहाच्या झाडाखाली जागा सारवली, दगड मांडला, हळद-कुंकू-अक्षता वाहिल्या आणि माझ्या देवाची क्षमा मागितली. सडकेवरून जाणाऱ्या बायकाही थांबून बघत होत्या. दोघी-तिघींनी लांबूनच हात जोडले. मला वाटलं, खेळात आल्या.

शनिवारी दुपारी विक्की त्या दगडासमोर येऊन बसला. त्याच्या चिठ्ठीत होतं की त्याचा भाऊ जंगलात गेला आणि परत आला नाही. त्यानं विचारलं, "माय, जिथं माझा भाऊ गेला तिथंच आम्ही राहावं का?" मनकर्णा, ती चिठ्ठी कोणाच्या हातची होती ते तुला कळलं असेल. मी पिवळ्या गमछ्याकडे पाहिलं. पाहायचं नसतं, तरी पाहिलं. ती मान खाली घालून पायानं माती उकरत होती, लहानपणी उकरायची तशी.

मला देवाचा होकार-नकार काही सुचेना. मी म्हटलं, देव विचारतो आहे, त्याचं नाव काय होतं? चिठ्ठीत नाव नव्हतं. विक्की गडबडला, मग म्हणाला, सुकलू. मागून एक मुलगी म्हणाली, सुकलू माझ्याकडून तंबाखू घ्यायचा आणि स्वतःची डबी लपवायचा. एक जण म्हणाला, तो गायचा, पण सूर नव्हता. कोणी म्हणालं, त्याला ताकाची कढी कधी पुरली नाही. जो माणूस जन्माला आलाच नाही त्याच्या आठवणी एकातून एक निघत राहिल्या, लोक हसत होते, एका बाईनं डोळे पुसले. मी बसून ऐकलं आणि मला तुझं घर आठवलं. तीन वर्षं झाली, मनकर्णा. पोरांचे बाबा, आपले पत्रूभाऊ, धान राखायला याच शेतात आले आणि वाघानं त्यांना नेलं. त्यानंतर तू इथं पाय ठेवला नाहीस, बल्लारपूरला अतुलकडे गेलीस, आणि तुझ्या घरात त्यांचं नाव कोणी काढत नाही. मीही काढत नाही. तुझा चेहरा बघून गप्प बसते.

रविवारी दुपारी खेळ संपला. सगळे गोल बसले, गमछा उतरवून रंजीताही बसली. आपण कोण होतो आणि काय इथं ठेवून जातो, ते प्रत्येकानं सांगायचं. विक्की म्हणाला, म्होरक्याचा राग ठेवून जातो, मिठाची तक्रार नेतो. रंजीताची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, मी काही नव्हते, मी फक्त चालवत होते. आणि उठून आवराआवरीला लागली. जागा होती तशी करून जायची, हा त्यांचा नियम, राखसुद्धा भरून नेतात. ती तो दगड उचलून नाल्याकडे निघाली.

आता हे पत्र का लिहिलं ते लिहिते. वाटेत तिला शेजारच्या टोल्यावरची, त्या वस्तीतली सोनीबाई आडवी आली, मागे दोघी बायका, ओंजळीत तांदूळ, हातात झेंडू. तुला ठाऊक आहे, वाघानं नेलेल्या माणसासाठी त्याच जागी दगड बसवायचा, ही त्यांच्या टोल्याची रीत. सोनीबाई म्हणाली, "बसवला का वं शेवटी पत्रूभाऊचा दगड? आम्ही म्हणत होतो, या घरचे काऊन नाई बसवत. तीन वर्स झाले, कुठी बसन तो माणूस?" मग तिनं रंजीताच्या हातात दगड पाहिला. "अन् हे काय? बापाले फिरायले नेऊन राह्यली का?" रंजीताला आधी हसू फुटलं. मग ती दगड मांडीवर घेऊन तिथंच वाटेत बसली आणि बाबा, बाबा करत राहिली. तिला असं रडताना मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाहिलं. मी सोनीबाईला म्हटलं, धुवायला नेते आहे पोरगी. मी खोटं बोलले की खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि माझ्या देवानंही काही सांगितलं नाही. आम्ही दोघींनी दगड धुतला आणि परत मोहाखाली ठेवला. सोनीबाई म्हणते, पहिला नारळ घरधनिणीनं फोडायचा, दुसऱ्या कोणाचा चालत नाही, तोवर आम्ही नुसतं फूल ठेवत जाऊ. तेव्हा पोरीला शेत द्यावं की नाही, यावर मी होय-नाही काहीच लिहीत नाही. तू ये. एकदा तिथं उभी राहा, नारळ फोड, त्यांचं नाव घे, आणि मग लेकीकडे बघून काय ते ठरव. विकायचंच ठरलं, तर दगडाचं त्या ट्रकवाल्याला मी सांगेन, तू नको बोलूस. अतुलला सुटी नसेल तर मी घ्यायला येते. कोणत्या वारी निघतेस, ते उलट टपाली कळव.

तुझीच मोठी बहीण,
अनुसया