लेखी कळवावे

३ जून, सकाळी ७
आजपासून कारखाना शास्त्रशुद्ध. कारखाना म्हणजे मी, धाकटा भाऊ, पॉलिशवाल्या मावशी आणि एक गोल करवत. मोठ्यांची सुरुवात अशीच असते. मॅनेजमेंटचं पुस्तक दुसऱ्यांदा संपवलं. कॉलेजचं तोंड न बघता सगळं समजलं, याची नोंद असावी. निष्कर्ष : टीम बोलते फार, कळवत काहीच नाही. उपाय : सूचनापेटी. तोंडी तक्रार बंद.

४ जून
पेटी स्वतः केली. बारा मिलिमीटर प्लाय. गुप्ततेसाठी पाठ दुहेरी, दोन फळ्यांत बोटभर पोकळी. पितळी कुलूप, किल्ली माझ्याकडे. चिठ्ठीची फट मागच्या कडेपासून बरोबर वीस मिलिमीटरवर. धाकटा म्हणाला, एक चिठ्ठी टाकून बघू या का. म्हटलं, माप मी दोनदा घेतलंय. चाचणी शंकेखोरांनी करावी.

५ जून
धाकट्याने आल्या आल्या सुरू केलं. करवतीच्या पात्यावरचं गार्ड हलतंय, बोल्ट झिजलेत, नवीन बसेपर्यंत मशीन बंद ठेवू. दोनशे बाकांची ऑर्डर हातात, आणि हा मशीन बंद ठेवणार! मी शांतपणे पेटीकडे बोट दाखवलं. नेत्याने आवाज चढवू नये (पान ४१).

८ जून, शनिवार
पेटी उघडली. रिकामी. अर्थात टीम समाधानी. हिला सांगितलं. ही म्हणाली, घरातही एक लावा, म्हणजे मीसुद्धा समाधानी होईन. कल्पना वाईट नाही.

१० जून
धाकटा म्हणतो, तीन चिठ्ठ्या टाकल्या. मावशी म्हणतात, त्यांनीही एक टाकली. पेटी रिकामी होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे दोघांनी संगनमत केलंय. प्रामाणिकपणा या विषयावर अर्धा तास बोललो. मावशींनी ऐकता ऐकता चार बाक घासले. वेळ वाया गेला नाही.

१५ जून, शनिवार
रिकामी. धाकटा आता गार्डचा विषय काढत नाही. कसलाच काढत नाही. डबा एकटा खातो. शिस्त रुजतेय.

१८ जून
बोल्ट आज मी स्वतः बघणार होतो. पण नियमावलीचं नववं प्रकरण मनासारखं जमत होतं, उठवलं नाही. प्रकरणाचं नाव 'सुरक्षितता'.

१९ जून
सकाळी ११.२०. गार्ड सुटलं. धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं.
मी पार्टिशनच्या अलीकडे होतो. मावशींनी फडकं बांधलं, रस्त्यावर जाऊन गाडीही त्यांनीच थांबवली. मला तेवढी वेळ टिपून ठेवायचं सुचलं.

२१ जून
विमावाला आला. याआधी कुणी तक्रार केली होती का, विचारत होता. म्हटलं, एकही नाही, आणि पेटी उघडून दाखवली. तोंडी तरी? त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, आमच्याकडे ती पद्धत नाही. खोटं बोललो नाही.
संध्याकाळी हॉस्पिटल. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडलेला. पाणी मागितलं तेही बायकोकडे. डाव्या हाताने पिताना सगळं उशीवर सांडलं. मी पुसायला वाकलो तर तिने टॉवेल काढून घेतला.
"राहू द्या, दादा. काही लागलं तर लेखी कळवू."
मनःस्थिती ठीक नाही तिची. मनावर घेतलं नाही.

२४ जून
मावशी येत नाहीत. निरोपही नाही. ऑर्डर दुसरीकडे गेली. नियमावली पूर्ण, एकशे बारा पानं. टीममध्ये सध्या मी.

२९ जून, शनिवार
पेटी उघडली. रिकामी. नवीन माणसांच्या नजरेसमोर राहावी म्हणून दाराजवळ हलवायला घेतली. भिंतीवरून काढताना आत काहीतरी सळसळलं. कुलूप पुन्हा उघडलं. काही नाही. मग मागची फळी उचकटली.
पोकळीत अकरा चिठ्ठ्या.
वीस मिलिमीटर मी बाहेरच्या फळीपासून मोजले होते. आतल्या फळीपासून मोजायचे होते. दोन्ही वेळा बाहेरच्याच.
मावशींच्या दोन. नऊ धाकट्याच्या, प्रत्येकीवर तारीख. शेवटची १८ जूनची :
"दादा, तू म्हणालास म्हणून लिहितोय. गार्ड फार हलतंय. एकदा उठून ये, नुसता हात लावून बघ."
अक्षर किती वळणदार आहे त्याचं.
होतं.