खात्री पटेपर्यंतची अनामत

मेहुणे सुखदेवराव यांना पुण्याहून नागोरावाचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे तुमच्या प्रेमलाताईची (म्हणजे माझ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याची) तब्येत उत्तम आणि आवाज त्याहून उत्तम. माझ्या गळ्यात मात्र एक कायदेशीर भानगड पडली आहे. तुम्ही अकोल्याच्या कोर्टात जन्म काढलात, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आमच्या माडीवर अभिनव आणि नम्रता हे भाडेकरू जोडपं होतं, आठवतं ना? दोघंही हिंजवडीला कंपनीत. करार अकरा महिन्यांचा, पण तो अर्ध्यावरही आला नव्हता तोच त्यांनी बिऱ्हाड हलवलं. कारण ऐका! पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात, त्यांनी फ्लॅट घेतलाय आणि बिल्डरनं ताबा चक्क वेळेआधी दिला. पुण्यात असा एक बिल्डर निघावा आणि तो नेमका माझ्याच भाडेकरूंना भेटावा! (तक्रार तरी कुणाकडे करायची?)

करारात असं आहे की आगाऊ सूचना न देता जागा सोडली तर मालकानं एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापावं, आणि बाकीची रक्कम जागेची तपासणी करून मालकाची खात्री पटल्यावर परत द्यावी. कापायचं माझ्या मनातही आलं नाही. ती खात्री मात्र मला फार आवडली. ती पटवून घ्यायची घाई कशाला?

पहिल्याच रविवारी मी फोन केला की मोरीचा नळ ठिबकतोय, येऊन बघून जा. बिचारी दोघं शहराच्या त्या टोकाहून या टोकाला आली. नळ ठिबकत होता हे खरं (वॉशर मीच काढलं होतं, आयुष्यभर फिटरकी केलेल्या माणसाला एवढी मुभा असावी). नम्रता ओट्यापाशी प्रेमलाशी बोलत बसली, अभिनवनं माझ्या मोबाइलमधली अक्षरं मोठी करून दिली, जेवणं झाली, नळाकडे कुणी फिरकलंच नाही. पुढच्या रविवारी खिडकीची कडी सैल निघाली. त्यापुढच्या रविवारी माडीवरची फरशी पोकळ वाजू लागली.

म्हातारा बिघडला म्हणाल. पण सुखदेवराव, सकाळी वरून नम्रताच्या कुकरची शिट्टी आली की आम्ही खाली चहाचं आधण ठेवायचो. आता वर सामसूम. परवा प्रेमला किती तरी वेळ रिकामं पातेलं हातात धरून छताकडे बघत बसली होती. तुमच्या भाच्याच्या, आमच्या राकेशच्या घरी अमेरिकेत कुकर असेलही, पण त्याची शिट्टी इथवर येत नाही.

फरशीच्या रविवारी पोरांची पाठ वळली आणि प्रेमलानं मला धरलं. "अहो, त्यांच्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत. पोरगी उन्हात तोंड करून पोळ्या लाटते, आणि तुम्ही तिच्याच पैशांवर बसून फरश्या वाजवताय?"

मी म्हणालो, "पैसे दिले की मग ते कशाला येतील?"

यावर तिनं नुसतं चेकबुक आणून पुढ्यात ठेवलं. (बोलली असती तर मी वाद घातला असता.)

गेल्या रविवारी त्यांना जेवायला बोलावून चेक दिला. एक पैही कापली नाही. नम्रतानं डोळे पुसले, म्हणाली फोडणीचा धूर आहे. फोडणी अजून व्हायची होती. तेव्हापासून घर फार नीटनेटकं वाटतंय, आणि ते मला सोसवत नाही. तर एवढंच कळवा, अनामत परत केल्यावर मालकाचा भाडेकरूंवर काही हक्क उरतो का? एखादं बारीकसं कलम असेलच.

तुमचा
नागोराव

ता. क. पत्र पेटीत टाकायला चपला घातल्या आणि नम्रताचा फोन आला. "काका, पैसे जमा झाले. पण त्या फरशीबद्दल आमची काही खात्री पटलेली नाही. रविवारी येऊन बघावी लागेल." मागून अभिनव ओरडला, "आणि नळाचं वॉशर बसवून टाका! पहिल्याच दिवशी तुमच्या शर्टाच्या खिशात दिसलं होतं!"

ता. क. दुसरा. तेव्हा कलम शोधू नका. त्याऐवजी जवसाची चटणी आणि कुरडया शनिवारच्या आत पोचतील अशा पाठवा, नम्रताला आवडतात. वॉशर बसवलं. फरशीला हात लावलेला नाही.