आता उतरलात तरी चालेल

५ एप्रिल, शनिवार

कॅरी हे अमेरिकेतलं आमचं जुनं गाव सोडून इथे श्रूजबरीत येऊन तीन आठवडे झाले आणि आज पहिल्यांदा मला हे गाव आवडलं. जज व्हिटकोम यांच्या घराच्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून माझा पहिला दिवस होता. घर आमच्यापासून वीस मिनिटांवर. १८८१ सालचं, हिरवट रंगाचं, कोपऱ्यात गोल बुरूज, व्हरांड्याला लाकडी नक्षीकाम. कित्येक वर्षं बंद पडलेलं घर गावकऱ्यांनी मिळून पूर्ववत केलं. एका कपाटामागे वॉलपेपरचा वीतभर तुकडा सापडला, त्यावरून खोलीभर कागद नव्याने छापून घेतला. असली चिकाटी मला भावते.

आमची प्रमुख डोना सत्तरीची आहे, निवृत्त शिक्षिका. तिने माझं नाव तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा ‘आसावरी’ बऱ्यापैकी म्हटलं.

घराला जोडूनच जजसाहेबांनी एक कोर्टरूम बांधून घेतली होती. किरकोळ खटले घरीच चालायचे. जजचा उंच बाक, ज्यूरीच्या बारा खुर्च्या, कारकुनाचं टेबल आणि कठड्याच्या आत, एक पायरी चढून, साक्षीदाराची खुर्ची. तिच्या हातांचं पॉलिश गेलंय, ते मुद्दाम तसंच ठेवलंय.

टूरच्या शेवटी एका पाहुण्याला त्या खुर्चीत बसवायचं, उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ द्यायची आणि सकाळी काय खाल्लंस असं विचारायचं. लोक हसतात. मग हातोडा ठोकून म्हणायचं, आता उतरलात तरी चालेल. हे वाक्य कधीही विसरायचं नाही, असं डोनाने बजावलं. म्हणे एका मोलकरणीची साक्ष चालू असताना जजसाहेब जेवायला उठले आणि जेवणाच्या टेबलापाशीच वारले. तिला उतर म्हणायचं राहिलं, ती बसूनच राहिली. डोना ही गोष्ट हसत सांगते.

सरावासाठी तिने मला बसवलं. मी शपथ घेतली. ती प्रश्न विचारणार इतक्यात तिच्या बहिणीचा फोन आला आणि ती बोलत बाहेर गेली. दहा मिनिटं वाट पाहून मी आपली उठले. पोहे, असं सांगणार होते.

८ एप्रिल, मंगळवार

शपथ या शब्दाने तीन दिवस झोप उडवली आहे. एकदा लिहूनच टाकते.

गेल्या सप्टेंबरमध्ये कॅरीत, रविवारी सकाळी, मी माझ्या मुलीच्या, केयाच्या हाती स्टिअरिंग दिलं. तिला अजून गाडी शिकायचं परमिटही मिळालं नव्हतं. रस्ता मोकळा आहे, असं मीच म्हणाले. वळणावर एक वृद्ध गृहस्थ सायकलवरून आले. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पोलीस यायच्या आत मी तिला माझ्या जागी बसवलं, स्वतः ड्रायव्हरच्या बाजूला उभी राहिले आणि मी चालवत होते असं लिहून दिलं. ते गृहस्थ जानेवारीत वारले. न्यूमोनियाने, असं कळलं.

गाडीतच मी केयाला म्हटलं होतं, “तुला माझी शपथ, कुणालाही सांगायचं नाही.” सोळा वर्षांची मुलगी, मराठी मोडकंतोडकं, पण शपथ तिला पक्की कळते. लहानपणी खाऊ लपवला की मी शपथ घालायची आणि ती मागे लागायची, “आई, सुटली म्हण ना.” कारण सुटली म्हणेपर्यंत तोंड उघडलं तर जिची शपथ ती मरते, हे मीच तिला शिकवलेलं. त्या दिवशी तिने विचारलं, कधी म्हणशील सुटली. मी म्हटलं, बघू.

अजून म्हटलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, श्रीरामलाही माहीत नाही. त्याची समजूत अशी की धक्का बसून मी गप्प झाले.

मी तिला वाचवलं की स्वतःला? स्टिअरिंग देणारी मी होते, हेही त्यात झाकलं गेलं.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी नीलाकडे इथल्या मराठी मंडळाची मीटिंग होती. तिने श्रीखंड केलं होतं, आंबट झालेलं. छान झालंय म्हणायला गेले तर घसा आवळला. ठसका नव्हे. शब्दच वर येईना. नीला म्हणाली, “अगं, इतकं वाईट झालंय का?” सगळ्या हसल्या. मी नाही म्हणून मान हलवायला गेले आणि ती होकारार्थी हलली.

दुपारी पहिली टूर एकटीने घेतली. ओहायोहून आलेल्या आजोबांना खुर्चीत बसवलं, शपथ दिली, प्रश्न विचारला. कुणी हसलं नाही. शेवटचं वाक्य म्हटलं तसे ते घाईने उतरले. नंतर डोनाने विचारलं, गाडीचं काय होतं ते? मला कळेना. ती म्हणाली, तू त्यांना विचारलंस, गाडी कोण चालवत होतं.

मी सकाळी काय खाल्लंत असंच विचारलं होतं. मला तसंच आठवतंय. पण माझ्या आठवणीवर मी हल्ली किती विसंबावं?

१५ एप्रिल, मंगळवार

डोनाला सांगितलं की त्या दिवशी माझी सुटका राहून गेली. तिने मला पुन्हा खुर्चीत बसवलं, मजेत बाकावर चढली, हातोडा ठोकला, म्हणाली की आता उतरलात तरी चालेल. मी उतरले. काही बदललं नाही. पायरी उतरताना उजवा हात खांद्यापर्यंत वर होता, तो डोनाने धरून खाली केला.

ती म्हणाली, तू उत्तरच दिलं नव्हतंस ना, जजसाहेब हे धरणार नाहीत. चेष्टा होती ती.

मग मी परत खुर्चीत बसून म्हटलं, पोहे. ते खरंच होतं. पण खोलीला तो प्रश्न नको होता. बारा रिकाम्या खुर्च्या एकदम करकरल्या, माणसं पुढे वाकून ऐकतात तशा.

१९ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांनी घसा तपासला. काही नाही म्हणाले.

श्रीराम विचारतो, काय झालंय? ‘काही नाही’ हे दोन शब्द बाहेर पडत नाहीत. तो समोर बसून राहतो, मी भांडी घासत राहते.

केयाला शाळेसाठी व्हॉलंटियरचे तास हवे आहेत. सुट्टीच्या आठवड्यात मी तुझ्या म्युझियममध्ये येते म्हणाली. नको म्हणायला कारण हवं. खोटं कारण घशातून येत नाही, खरं द्यायचं धाडस नाही. मी गप्प बसले. तिने त्याला हो समजून डोनाला ईमेल केली.

एवढं सोपं होतं. श्रीरामसमोर एक खरं वाक्य. तेवढंही —

२२ एप्रिल, मंगळवार

आज केयाने पितळ पुसलं. मी तिला कोर्टरूमच्या दारापाशीही जाऊ दिलं नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, त्या खोलीत जुन्या काळचा एप्रन घातलेली कोण बाई बसली होती? तिने मला नाव विचारलं.

खोलीला कुलूप होतं.

रात्री तिच्या दाराशी गेले. सुटली म्हणणार होते. म्हटलं की ती सांगणार, मग पोलीस, कॉलेज, श्रीरामची नजर — उद्या म्हणेन.

२३ एप्रिल

नाही म्हटलं. लिहायचीही लाज वाटते.

२४ एप्रिल, दुपार

डोनाचा फोन आला. टूरला माणूस कमी होता म्हणून तिने केयाला खुर्चीत —

गेले तेव्हा केयाचा उजवा हात वर होता. खाली येत नाही. डोनाने तीनदा म्हटलं, उतर. उतरत नाही. डोना ॲम्ब्युलन्स बोलवायला पुढे गेली आहे. श्रीराम निघालाय.

मी कारकुनाच्या टेबलाशी, पर्समधली ही वही पुढ्यात. केव्हा बसले माहीत नाही. माझा हात लिहितोय, थांबत नाही, जे होतंय ते सगळं —

केया माझ्याकडे बघते. ओठ हलतात. आई, सुटली म्हण.

म्हणायचंय. आवाज नाही. घसा बंद. आधी उत्तर. तिच्याआधी माझा नंबर आहे, मी तिच्याआधी बसले होते —

लिहिलेला शब्द दाखवायला वही तिच्यासमोर धरली. तिला देवनागरी वाचता येत नाही. मीच शिकवलं नाही.

खुर्च्या करकरतात. बारा.

प्रश्न आला. तिला. बाईचा आवाज, अगदी मऊ. गाडी कोण —

तिने बोलू नये. अजून माझी शपथ आहे तिच्यावर, बोलली तर मी —

बोलले. मोठ्याने बोलले. केया चालवत होती. स्टिअरिंग मी दिलं. खोटं मी लिहून दिलं. आवाज आला — दारात श्रीराम. ऐकलं त्याने. असू दे —

घसा मोकळा. आता तेवढं एकच —

केयाचं तोंड उघडतंय. ती मोठ्या बाईसारखी सांगायला लागली आहे, आय वॉज — थांब बाळा, आधी मला, एकच शब्द, सु