शेळ्या आधी

२ नोव्हें.
आजही गोलात गप्प बसलो. नाटक बसवणाऱ्या केतनदादाची रीत अशी, की नाटक आधी लिहायचं नाही. गोल करून बसायचं, प्रत्येकानं दरडीची नाहीतर पुराची एक खरी आठवण मध्ये ठेवायची. ठेवली की ती सगळ्यांची. आणि ज्याची आठवण त्यानं ती करून दाखवायची नाही, दुसऱ्यानं करायची. निम्म्यांनी टीव्हीवर बघितलेलं सांगितलं. 'खरी दरड बघितलेला एकटा तू महादू, आणि तूच मुका,' दादा म्हणाला. मुका तर मुका.

तालीम सुटल्यावर गोलातल्याच सायलीला भूगावला घरी सोडायचं होतं. पौडातून गाडी उलटी धरणाकडं वळवली. पाण्याकडेला बसून तिला सगळं सांगितलं. पहाटे डोंगर खाली आला तेव्हा आबा आधी शेळ्यांच्या छपराकडं पळाले. दावी सोडली, मग घराकडं आले. तोवर भिंत आईच्या हातावर. गावाला आई आजही सांगते, 'मीच म्हणलं, आदी शेळ्या सोडा.' ती काहीच म्हणाली नव्हती. मी तिथंच होतो.

सायलीनं हात धरला. बराच वेळ.

५ नोव्हें.
सा. नं आज गोलात नवी आठवण ठेवली. 'एका ओळखीच्या घरातली आहे.' माझ्याकडं न बघता. शेळ्या, भिंत, हात. आईचं वाक्यसुद्धा.

दादा उठून उभाच राहिला. 'हेच. आपलं नाटक हेच.' लगेच कामं वाटली. आई मुग्धा. बाप मी. तुझ्या अंगाला बरोबर बसेल म्हणे. नाही म्हणायचं तर आठवण माझी आहे हे सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की आबा उघडे पडले. बाकीची पोरं गुडघ्यांवर येऊन शेळ्या झाली. मी पळत जाऊन त्यांची दावी सोडली. सगळे म्हणाले, एकदम खरं वाटलं.

तिला नियम माहीत होता. तरी.

७ नोव्हें.
सा. ला फाटकापाशी गाठलं.
'मी तुला सांगितलं होतं. गोलाला न्हाई.'
'नाव घेतलं का मी कुणाचं?'
'तू दरड बघितलीयस कधी? तिकडं भूगावात, चौथ्या मजल्यावर?'
'नाही ना. तू तर कधीच ठेवली नसतीस. आणि किती छान होतंय अरे ते.'

छान होतंय. आईची मूठ वळत नाही, पीठ एका हातानं मळते, पण छान होतंय.

हेल्मेट रस्त्यावर आपटलं, काच गेली. ती वडापच्या जीपनं गेली. तासाभरानं मीच मेसेज टाकला, पोचलीस का. बघितला तिनं. उत्तर नाही. काय म्हणावं ह्या जिवाला.

११ नोव्हें.
पहिला प्रयोग आमच्याच गावात, शाळेच्या पटांगणात. दादाला वाटतं मला आनंद झाला. घरी बातमी माझ्या आधी पोचलेली. आबा हिंजवडीला सोसायटीच्या गेटवर असतात, त्यांनी ड्युटी बदलून घेतली. 'पोरगं काम करतंय म्हणल्यावर बगाय नगं व्हय?'
आई म्हणाली, 'कालेज सोडून काय करतुया ते तरी कळंल.' आणि हसली.

दोघांना येऊ नका म्हणणार होतो. कारण काय देणार?

आबा शेळ्या बांधत नाहीत आता. छपरात एक दावं नाही. कुत्री येतात, बिबट्याची भीती, तरी मोकळ्याच. हे सा. ला सांगायचं राहून गेलं होतं. बरं झालं.

१६ नोव्हें., संध्याकाळ
झाला प्रयोग.

ढोल वाजला, डोंगर आला, मी उठलो. शेळ्या गुडघ्यांवर, दावी ताणून माझ्याकडं बघतायत. पुढं बायकांत आई, तो हात मांडीवर. आबा पार मागं, अंगात ड्युटीचाच शर्ट.

शेळ्यांकडं गेलोच नाही. सरळ भिंतीकडं. मुग्धाला ओढून बाहेर काढलं. तिचं वाक्य तोंडातच राहिलं. शेळ्या ओरडतायत, कुणाला काही सुचेना. गावानं टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, 'वाट लावलीस.' सा. कोपऱ्यात रडत होती बहुतेक. रडू दे. (शाल नव्हती तिच्याकडं. थंडी होती.)

घरी येताना आई बायकांबरोबर पुढं. आबा माझ्याजोडीला. पाणंदीत आल्यावर म्हणाले, 'आदी भिताडाकडं गेलास तू.'
'व्हय.'
'शेळ्या वाट बगत व्हत्या तुजी.'
थोडं चालल्यावर तेच म्हणाले,
'मी न्हवतो गेलो भिताडाकडं.'

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आता अजून बोलतील. घर दिसायला लागलं तसे थांबले. 'त्या नाटकवाल्यास्नी कुनी सांगितलं?'

सायलीचं नाव पार ओठावर आलं. खोटंही नव्हतं. तेवढ्यात आईनं मागं वळून हाक मारली, आबा पुढं झाले.

सा. चे मेसेज येतायत. उघडले नाहीत. चुलीपाशी आई भाकरी थापतेय, एका हातानं. दुसऱ्यांदा हाक आली जेवायला. माझं ताट आबांच्या समोर मांडलंय, आणि ते अजून जेवायला बसले नाहीत. वाट बघतायत माझी.