साठ्याला हात लावू नये

१२ एप्रिल, रविवार

निर्णय झाला. वर्षभराचं धान्य घरात भरून ठेवायचं. लोक हसतील. हसू दे.

कारणं दोन. पहिलं, मोबाइलवर एक माणूस सांगत होता की जहाजं अडली, खत अडलं, पुढचं साल कठीण आहे. माणूस चष्मेवाला होता, मागे भिंतीवर नकाशा होता. दुसरं कारण फक्त इथं लिहितो. लॉकडाऊनमध्ये आपल्या घरची डाळ संपली आणि शेजारच्या पूनमसिंगकडून पायलीभर तुरीची डाळ आणावी लागली. परत केली, चांगली शीग लावून परत केली. पण त्या गोष्टीबद्दल तो माणूस आजवर एक शब्द बोललेला नाही. इतकी वर्षं जो बोलत नाही, त्यानं किती लक्षात ठेवलं असेल!

१५ एप्रिल

जागा ठरली. मागची खोली. सुरभी लग्न होऊन फुलसावंगीला गेल्यापासून रिकामीच आहे.

सुरभीच्या आईनं आठवण करून दिली की ऑगस्टात पोरीचं बाळंतपण आहे, पहिलं, म्हणजे माहेरीच, आणि जूनच्या शेवटी ती त्याच खोलीत येणार. मी समजावलं की धान्याची कोठी एका कोपऱ्यात राहील. बाळाला काय लगेच क्रिकेट खेळायचं आहे?

घाटंजीच्या बाजारात तयार कोठ्या पाहून आलो. पत्रा पातळ, जोड कच्चे. दुकानदाराला पत्र्याचा गेज विचारला तर तो तोंडाकडे पाहत राहिला. वीस वर्षं मोटारी रिवाइंड करतो, वेल्डिंग स्वतःच्या डोक्यानं शिकलो, कोणत्याही आयटीआयची पायरी चढलो नाही. कोठी आपणच बनवू.

२३ एप्रिल

कोठी तयार. उंची सहा फूट. पूर्ण हवाबंद. खाली धान्य काढायला सरकपट्टी, वर झाकण. खोलीचं दार अरुंद, म्हणून पत्रे आत नेऊन तिथंच जोडले. याला नियोजन म्हणतात.

वरचं तोंड एवढं ठेवलं की साफसफाईला एक माणूस आत उतरू शकेल. एक माणूस म्हणजे मी, कारण दुसऱ्यावर विश्वास नाही. कंबर मोजायला टेप सापडेना. पण लग्नातल्या सफारीची टेलरची चिठ्ठी कपाटात सापडली, माप आयतंच मिळालं.

पूनमसिंग पाहायला आला. कोठीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग परत कोठीकडे.

"घनश्यामभाऊ, हे बाहेर कशी काढशीन?"

मी म्हटलं, बाहेर काढायचीच कायले? यावर तो काही बोलला नाही. नेहमीचंच.

३० एप्रिल

मुकुटबनकडून ज्वारीची पोती आली. सुरभीच्या आईचं म्हणणं, आधी चार दिवस ऊन दाखवा, मग सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला, तिच्या माहेरी असंच करतात. तिच्या माहेरी हवाबंद कोठी नाही हे ती विसरते. ऊन दाखवून दाण्यातला कस उडतो. पाल्याचं मात्र मान्य केलं, पण हिरवा घातला. ताजा, दवासकट, झाडावरून तोडून थरावर थर. वाळलेल्या पाल्यात जीव काय राहिला? औषध मुळात ओलंच असतं, गोळी नंतर निघाली.

गहू ड्रममध्ये, तेलाचे पिपे, साखर आणि डाळ डब्यांत, मिठाचं एक पोतं. सगळं त्याच खोलीत. दाराला कुलूप, किल्ली माझ्या करदोड्याला.

नियम एकच. साठ्याला हात लावू नये. घरात रोजचं लागेल ते दुकानातून आणायचं. साठा खाल्ला तर तो साठा कसला?

१९ मे

आज थोडा प्रसंग झाला.

जावई कपिल आणि विहीण भागीरथाबाई सुरभीला केव्हा पाठवायचं ते ठरवायला न कळवता आले. मी माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात. घरातली साखर नेमकी संपलेली, कुलपाआड साखरेचे दोन डबे, किल्ली माझ्या कमरेला. दुकानातला फोन मी कामात उचलत नाही हा जुना नियम आहे. सुरभीच्या आईनं मानीबाईकडून, म्हणजे पूनमसिंगच्याच बायकोकडून, वाटीभर साखर आणली. विहिणीच्या देखत. आणताना मानीबाई दारापर्यंत सोबत आली आणि आणखी लागली तर आवाज दे म्हणून गेली.

मी पोचलो तेव्हा भागीरथाबाई चहा पिऊन कुलपाकडे पाहत बसल्या होत्या. खोली कोरडी, हवेशीर आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, इतकी कोरडी की आत धान्य ठेवलं आहे. कुलूप काढून दाखवा म्हणाल्या. पुढच्या वेळी, म्हटलं.

साखर आजच्या आज परत पाठवली. दुकानातून आणून.

१४ जून

कोठी बाहेरून गरम लागते. उन्हाळा यंदा लांबला.

खोलीत लहान लहान करडी पाखरं दिसली. खिडकीतून येत असतील. खिडकीला जाळी मारली. आता ती बाहेर जात नाहीत.

२७ जून

सुरभीचं येणं लांबवायला सांगितलं. कारण तांत्रिक आहे.

घरात सोंडे किडे झाले आहेत. गव्हात, डाळीत, भिंतीवर, देवाच्या निरांजनात. काल माझ्या कानात एक गेला. कोठी हवाबंद असल्यामुळे ते कोठीतून येणं शक्य नाही, म्हणजे शेजारून येतात. पूनमसिंगला तसं सुचवलं. त्यानं आपल्या घरची कणगी उघडून दाखवली. एकही नव्हता. म्हणजे सगळे आमच्याकडे आले, हे माझं म्हणणं उलट सिद्धच झालं.

सुरभीच्या आईनं विचारलं, ही ज्वारी फेकून खोली केव्हा रिकामी करता? फेकून! आठ दिवस मागितले.

९ जुलै

आठ दिवसांत पाऊस लागून राहिला, धान्य बाहेर काढणं बरोबर नव्हतं. हे मी समजावलं होतं.

आज फुलसावंगीहून विहिणीचा फोन. किड्यांच्या घरात पहिलटकरीण पाठवत नाही, बाळंतपण इकडेच होईल, असं ठरलं. मला विचारलं नाही, कळवलं. सुरभीची आई फोन ठेवून उठली आणि पिशवी भरायला लागली. डिंकाचे लाडू करायला आणलेला डिंक, जुन्या लुगड्यांची दुपटी, तिनं शिवलेलं टोपडं, सगळं पिशवीत. आपल्या पोरीचं पहिलं बाळंतपण दुसऱ्याच्या घरी पाहुणी होऊन करावं लागतं, असं काहीतरी ती स्वतःशीच बोलत होती. मी म्हटलं, साठा सगळ्यांसाठीच आहे. तिनं चप्पल घातली, मग वळली.

"पोरीची खोली ज्वारीले देली तुम्ही. आता ज्वारीचंच बाळंतपण करा."

बसस्टँडवर सोडायला गेलो. बस सुटेपर्यंत ती दुसऱ्या खिडकीकडे पाहत होती.

१६ जुलै

स्वयंपाक स्वतः शिकतो आहे. कठीण काही नाही. भाकरी थापण्याचं शास्त्र असं की पीठ आणि पाण्याचं प्रमाण

(इथवर लिहून ठेवलं होतं. भाकरी तव्यावर फुटली. खानावळीत जेवून आलो.)

३१ जुलै

सुरभीचा फोन. डॉक्टरीण म्हणते अजून वीसेक दिवस आहेत. पोरीनं आईची खुशाली सांगितली. मग म्हणाली,

"बाबा, मले तिथंच यायचं होतं."

मी म्हटलं, येशीनच. सोमवारी खोली मोकळी, धुतलेली, चुना मारलेली मिळेल. कपिलला गाडी घेऊन यायला सांग. ती आईला न विचारता हो म्हणाली. पोरगी माझ्यावर गेली आहे, शब्दावर भरवसा ठेवते.

उद्या सामान आणतो. परवा रविवार, पूर्ण दिवस हाती.

२ ऑगस्ट, रविवार. सकाळी

गहू, डाळ बाहेर काढून झाली. फक्त कोठी राहिली. पद्धत अशी: खालची सरकपट्टी उघडायची, घमेल्यात ज्वारी पडत राहील. त्याच वेळी मी वरून आत उतरून पाल्याचे कुजलेले थर मोकळे करीन. एकाच वेळी दोन कामं. पूनमसिंगच्या कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून दार ओढून घेतलं. मोबाइल खिडकीत ठेवला, ज्वारीत पडू नये. रोजनिशी आणि पेन बंडीच्या खिशात, प्रत्येक थराची स्थिती टिपायची आहे.

त्याच दिवशी, कोठीतून

नोंद करतो. उतरताना हात वर केले, श्वास सोडला, सहज उतरलो. थर मोकळे करत होतो. काम उत्तम चालू होतं. मग लक्षात आलं की कोठीचं तोंड दूर जात आहे.

तोंड दूर जात नव्हतं. ज्वारी खालून निघत होती आणि तिच्यासोबत मीही. घमेलं केव्हाच भरून वाहिलं असणार. मग धार आपोआप थांबली. बाहेर साचलेल्या ढिगानं सरकपट्टीचं तोंड बुजलं असावं. तत्त्व बरोबर आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं असं कोणी म्हणू शकेल.

मांडीपर्यंत ज्वारीत आहे. हात कडेला पुरतात. स्वतःला वर ओढलं, डोकं बाहेर निघालं, खांदे निघाले, पोट नाही. टेलरची चिठ्ठी एकोणीसशे शहाण्णवची होती.

थोड्या वेळानं

ओरडून पाहिलं. हवाबंद कोठीत आवाज फार चांगला घुमतो. बाहेर जात नाही.

डोकं बाहेर काढून दार पाहिलं. ढीग दारापर्यंत गेला आहे. दार आत उघडतं.

बसलो आहे. सोंडे अंगावर फिरतात. मोजायचं सोडून दिलं.

फोन वाजतो आहे.

पुन्हा वाजला. डोकं वर काढलं की खिडकी समोर दिसते, मोबाइलचा उजेड दिसतो, नाव दिसत नाही. पूर्ण वाजून थांबला.

पुन्हा.

इतक्या वेळा कोण करेल? उद्या गाडी केव्हा आणू विचारायला कपिल असेल. तेच असेल.

सारखा वाजतो आहे. तसं नसेल.

२ ऑगस्ट, संध्याकाळी. घरी, खाटेवर

क्रमानं लिहितो.

दुपारी खिडकीबाहेर पूनमसिंगचा आवाज आला. सुरभीच्या आईनं मी फोन उचलत नाही म्हणून त्याला फोन केला होता. त्यानं विचारलं, भाऊ, कुठी आहे? मी म्हटलं, कोठीत. तो फिरून खोलीच्या दाराशी आला. मग दार ढकललं, चारच बोटं सरकलं. मानीबाई फटीतून सुपानं ज्वारी ओढायला बसली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पूनमसिंगनं खिडकीतली माझीच जाळी फाडली, गजातून हात घालून फोन घेतला, स्पीकर लावला आणि गजातून आत धरला. हात पुरेपर्यंत धरला. मी डोकं बाहेर काढलं.

सुरभी होती. आवाज बारीक, दमलेला.

"बाबा, कुठी आहात तुम्ही? सकाळपासून लावून राह्यले सगळे."

"घरीच आहो."

"मग उचलत काहून नव्हते?"

"खोली मोकळी करून राह्यलो तुझी."

ती हसली की रडली, कोठीतून कळलं नाही. मग म्हणाली, आता कायले, मुलगी झाली, सकाळीच. आणि तिनं फोन बाळाजवळ नेला असावा. आवाज आला. एवढासा आवाज, पण खिडकीतून आत आला, कोठीच्या तोंडातून खाली गेला आणि चारी बाजूंनी घुमत वर आला. मी डोकं आत घेतलं आणि तिथंच बसून ऐकलं. पूनमसिंगनं फोन हलवला नाही. त्याचा हात दुखला असेल.

पुढचं तपशिलात लिहीत नाही. मानीबाईनं दाराइतकी ज्वारी ओढली, पूनमसिंग आत आला, माझे दोन्ही हात धरून ओढलं, पोट अडलं. शेवटी छिन्नी-हातोड्यानं कोठी उभी चिरली. कुठून चिरायची ते आतून मीच सांगितलं. जोड इतके पक्के होते की त्याला संध्याकाळ झाली. हे त्यानंही कबूल केलं.

१४ ऑगस्ट

काल बारसं करून आलो. नाव नयन ठेवलं. विहिणीनं जेवायला वाढताना विचारलं, पोळी आणखी घेता की घरी साठा आहे? सगळे हसले. सुरभीची आई हसली नाही, पण तिनं माझ्या ताटात पोळी वाढली.

सुरभी सव्वा महिन्यानं बाळाला आणि आईला घेऊन यायची आहे. खोली रिकामी आहे, धुतली, चुना मारला. पूनमसिंगनं खोली मोकळी करून दिली असं गल्लीत बोलतात. वस्तुस्थिती अशी की कोठी कापण्याचा निर्णय माझा होता. कोठीचा अर्धा भाग त्याच्या म्हशीला पाणी प्यायला कामी आला, ज्वारी त्याच्या कोंबड्यांना. गहू गेला, डाळ गेली. मिठाला पाणी सुटलं.

संध्याकाळी भूक लागली. खानावळ बंद. घरात पीठ नाही. बराच वेळ थांबलो, मग शेजारी गेलो. मानीबाईनं डबाभर पीठ दिलं. वर चार भाकरीही बांधून दिल्या, तुम्हाले थापता येत नाही म्हणून. पूनमसिंग बाजेवर बसला होता. मी म्हटलं, डबा सकाळी आणून देतो. या वेळी तो बोलला.

"ठेव तुझ्याजवळच, भाऊ. उद्याही लागनच."